हलकी बॉडी, जड मान: घरी बांधलेल्या एका बेस गिटारचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या वादक बरीच वर्षं हौशी बँडमध्ये बेस वाजवतात. लाकूडकामही त्यांच्या सवयीचं आहे. घरातलं कपाट, टेबल, चित्रांच्या चौकटी त्यांनीच केलेल्या, त्यामुळे राऊटर (लाकूड कोरायचं यंत्र) हातात धरायला त्या घाबरत नाहीत. वाद्य मात्र पहिल्यांदाच बांधत होत्या. त्यांचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. माझं काम सल्ला देण्याचं होतं, हत्यारं त्यांच्याच हातात होती.

बांधायला घेण्याचं कारण हौशीपेक्षा जास्त खांद्याचं होतं. त्यांची जुनी बेस ४.६ किलोची. उभ्याने दीड-दोन तास तालीम केली की डावा खांदा आणि मानेची ती बाजू दुखायला लागायची. डॉक्टरांनी खांद्यावरचं ओझं कमी करायला सांगितलं. हलक्या बेस विकत मिळतात, पण त्यांना ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) सोडायची नव्हती, नट (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) रुंद हवा होता, आणि एकदा कागदावर रेघोट्या ओढायला लागल्यावर विकत घ्यायचा विचार मागेच पडला. ठरलं ते एवढंच: पूर्ण वाद्य साडेतीन किलोच्या आत बसवायचं.

पुढे जे झालं त्याचं मूळ याच वाक्यात आहे. उद्दिष्ट फक्त वजनाच्या आकड्यात मांडलं गेलं होतं.

सुरुवातीचे निर्णय

पहिला प्रश्न नेकचा, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांडीचा. घडवायची की तयार घ्यायची? बेसमधलं सगळ्यात नाजूक काम नेकचं असतं. फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्या खाचांची जागा ठरवताना उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागत जायचं. ३४ इंच म्हणजे ८६३.६ मिमी, तेव्हा पहिला फ्रेट नटपासून ४८.४७ मिमीवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ४३१.८ मिमीवर. हिशेब सोपा आहे, पण करवत अर्धा मिलिमीटर सरकली तरी ते कानाला कळतं. शिवाय ट्रस रॉडची (नेकच्या आतल्या आधाराच्या सळईची) नाळ, फ्रेटबोर्डची गोलाई, फ्रेट एका पातळीत आणणं हे सगळं आलंच. चार तारा मिळून साधारण ७५ ते ८० किलोचा ताण देतात आणि तो वर्षानुवर्षं सोसून नेक सरळ राहायला हवी. त्यांनी तयार नेक घेतली: हार्ड मॅपलची, २० फ्रेटची, बुडाशी ६३.५ मिमी रुंद. पहिल्या वाद्यासाठी हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. तो घेतला त्या वेळेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, ते शेवटी येईल.

दुसरा प्रश्न बॉडीच्या लाकडाचा. अल्डरची घनता घनमीटरला साधारण ४५० किलो, पॉलोनियाची त्याहून बरीच कमी, २८० च्या आसपास. पॉलोनियाला वाद्यांच्या दुनियेत मान आहे, जपानी कोतो त्याच लाकडाचा करतात. त्यांनी काढलेल्या आकाराची बॉडी अल्डरमध्ये दोन किलोच्या पुढे गेली असती, पॉलोनियात ती १.३ किलोत बसत होती. पाऊण किलोचा फरक बघितल्यावर त्यांनी फार विचार केला नाही.

तिसरा निर्णय आकाराचा. वरचं शिंग, म्हणजे पट्ट्याचं बटण जिथे बसतं तो बॉडीचा पुढे आलेला भाग, त्यांनी आखूड ठेवला. दिसायला सुटसुटीत आणि लाकूडही कमी.

चौथा निर्णय झाला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. कपाटात जुने, उघड्या गिअरचे, मोठ्या पाकळीचे चार ट्यूनर (तारा सुरात लावायचे पेच) पडून होते. दणकट होते, सूर धरून ठेवत होते, फुकट होते. तेच लावायचे ठरले. वजनासाठी बॉडीची जाडीसुद्धा दोनदा तपासणाऱ्या माणसाने हे ट्यूनर काट्यावर ठेवले नव्हते.

अडचण

खरं लाकूड कापण्याआधी प्लायचा नमुना करून तो पट्ट्याला टांगून बघायचा, हा हट्ट मी धरला. १२ मिमी प्लायमधून बॉडीचा आकार कापला, नेक चार स्क्रूंनी बसवली, ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) आणि पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) आपापल्या जागी टेपने चिकटवले, आणि प्लायचं वजन पॉलोनियाच्या अंदाजाला येईपर्यंत वाळूच्या छोट्या पिशव्या सगळीकडे सारख्या लावल्या. दिसायला विचित्र होतं, पण वजन जवळजवळ खरं होतं.

पट्टा गळ्यात घालून त्यांनी दोन्ही हात सोडले आणि नेक सरळ जमिनीकडे गेली. बेसने मान टाकली.

हा दोष वादकांना ओळखीचा आहे, पण त्याचं गांभीर्य कमी लेखलं जातं. मान टाकणारी बेस वाजवताना डावा हात दोन कामं करतो: तार दाबायची आणि नेक उचलून धरायची. मनगट अवघडतं, खांदा वर चढतो, आणि ज्या स्नायूंना विश्रांती द्यायची तेच राबत राहतात. वाद्य ३.३ किलोचं झालं असतं, ठरवलेला आकडा गाठला असता आणि खांदा दुखायचा तो दुखलाच असता.

मग मोजमाप केलं. गोल दांडीवर नमुना आडवा तोलून समतोल बिंदू शोधला. तो नटपासून सुमारे ५०५ मिमीवर आला, पंधराव्या फ्रेटच्या किंचित ब्रिजकडे. पट्ट्याचं वरचं बटण ४९० मिमीवर होतं, चौदाव्या आणि पंधराव्या फ्रेटच्या मध्ये. म्हणजे बटणापासून समतोल बिंदू शेपटीकडे जेमतेम दीड सेंटिमीटर. त्यांच्या जुन्या, जड बेसमध्ये हेच अंतर तेरा-चौदा सेंटिमीटर भरलं.

सगळं या अंतरावर अवलंबून असतं. समतोल बिंदू बटणाच्या जितका मागे, तितकं शेपटीकडचं वजन नेकला वर धरून ठेवतं. अंतर कमी असेल तर पट्टा खांद्यावरून जरा सरकला की नेक खाली.

आणि इथे त्यांचा मूळ बेत उलटा फिरला होता. बॉडी हे समतोल बिंदूच्या मागचं वजन. ते कमी केलं की बिंदू नटकडे सरकतो. आम्ही कागदावर तरफेचा हिशेब मांडला, प्रत्येक भागाचं वजन आणि नटपासूनचं अंतर. बॉडीतून काढलेल्या दर १०० ग्रॅममागे समतोल बिंदू साधारण ६ मिमी पुढे, म्हणजे नटकडे येत होता. पॉलोनियाने वाचवलेल्या पाऊण किलोने तो साडेचार सेंटिमीटर नटकडे आणला होता, आणि आखूड शिंगाने बटण त्याच्याकडे नेलं होतं. दोन्ही निर्णय वजन वाचवण्यासाठीच घेतलेले.

याच हिशेबात पहिल्यांदा ट्यूनरचं वजन आलं: चार मिळून ४४० ग्रॅम, नटच्याही पलीकडे सरासरी ९० मिमीवर. वाद्याच्या आठव्या भागाएवढं वजन, तेही नको त्या टोकाला.

पर्याय तोलताना

नमुना समोर टांगलेला असल्यामुळे चर्चा हवेत राहिली नाही. जे सुचलं ते करून बघता येत होतं.

सगळ्यात आधी सुचला तो खरखरीत पट्टा. आतून न घासलेल्या चामड्याचा रुंद पट्टा कपड्यावर घसरत नाही आणि नेक जागच्या जागी राहते. स्वस्त, सोपा, लगेच होणारा उपाय. दुखरा खांदा नसेल तर मीही हेच सांगतो. पण वाद्याचा फिरण्याचा जोर त्याने जात नाही, तो घर्षणातून खांद्यावरच येतो. इथे खांदाच वाचवायचा होता, म्हणून नाही.

दुसरा उपाय शेपटीत शिसं भरण्याचा. बॉडीच्या मागच्या टोकाला ३०० ग्रॅम घातलं तर समतोल बिंदू ५४३ मिमीपर्यंत मागे जात होता. काम होतं, पण एकूण वजन ३.६ किलोच्या वर. हलकं लाकूड घ्यायचं आणि त्यात शिसं ओतायचं, यावर त्या हसल्या आणि विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय छोट्या स्केलचा. ३० इंची स्केलवर नेक आखूड होते, हेडस्टॉक (नेकचं ट्यूनर बसतात ते टोक) अंगाजवळ येतं, वजन आपोआप घटतं. मात्र तारेचा ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर ३४ वरून ३० वर आल्यावर ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो आणि ई तार (सगळ्यात जाड) सैल पडते. जाड तारांनी ते भरून काढता येतं, पण आवाजाचा बाज बदलतो. ‘माझा हात चौतीसवर बसलाय, तो मोडायचा नाही,’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ३२ इंचाचा मधला मार्ग मी सुचवला, तिथे ताण फक्त अकरा टक्क्यांनी कमी होतो. पण नेक विकत घेऊन झाली होती. प्रश्न नीट विचारात घेतलाच गेला नाही.

चौथा, हेडस्टॉकच काढून टाकण्याचा. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी बिनडोक्याची बेस लोकांपुढे आणली, तिच्यात सूर लावायची यंत्रणा ब्रिजकडे असते. समतोलासाठी याहून सरळ उत्तर नाही. इथेही अडसर तोच: घरात आलेली नेक आणि नेहमीचा ब्रिज.

पाचवा, हलके ट्यूनर. बंद गिअरचे, छोट्या पाकळीचे चार ट्यूनर मिळून २३० ग्रॅम. डोक्यावरून २१० ग्रॅम उतरले की समतोल बिंदू ५०५ वरून ५४५ मिमीवर. शेपटीत ३०० ग्रॅम शिसं घालून जे मिळत होतं ते इथे २१० ग्रॅम काढून मिळत होतं, आणि दोन्हींतला फरक खांद्यावर अर्ध्या किलोचा. मला हा या प्रकरणातला सगळ्यात बोलका आकडा वाटतो. ट्यूनर ३०-४० ग्रॅमने हलके म्हणजे किती फरक पडणार, असं लोक विचारतात. समतोल बिंदूपासून ६० सेंटिमीटर लांबवर चार वेळा तो फरक पडतो.

सहावा पर्याय शिंग लांबवण्याचा. यात वजन हलत नाही, बटण हलतं. लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसपासून वरचं शिंग लांब असतं ते याचसाठी. लांब नेक तोलायला पट्ट्याचा टेकू पुढे हवा, बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास आलं की काम भागतं. या प्रकरणातल्या वादकांना मात्र लांब शिंग आवडत नव्हतं. ‘सगळ्या बेस सारख्याच दिसतात’ ही त्यांची तक्रार, आणि ती खोटी नाही.

म्हणून आधी फक्त ट्यूनर बदलून बघितले. अंतर साडेपाच सेंटिमीटर झालं. आता नेक धपकन पडत नव्हती, पण दोन-तीन गाणी होईपर्यंत हळूहळू उतरत होती. मग नमुन्याच्या शिंगावर प्लायची पट्टी स्क्रूने लावली, तिला ओळीने भोकं पाडली आणि बटण एकेका भोकात सरकवत गेलो. सुमारे आठ सेंटिमीटर अंतराला नेक हात सोडल्यावरही जागेवर थांबायला लागली. तिथेच थांबायचं की पुढे जायचं यावर आमचं एकमत नव्हतं. त्यांना आठ पुरेसे वाटत होते, कारण पुढचा प्रत्येक सेंटिमीटर त्यांच्या आकाराचा नास करत होता. माझं म्हणणं होतं की तयार वाद्यात नेमकं किती वजन कुठे वाढेल हे अजून ठाऊक नाही, हाताशी थोडं जास्त असू दे. शेवटी बटण ४४५ मिमीवर ठरलं, म्हणजे दहा सेंटिमीटर. त्यांनी शिंगाला आतून एक बाक देऊन आकार पुन्हा काढला. तो पहिल्यापेक्षा बरा झाला, हे त्याही मान्य करतात.

बांधणी

पॉलोनियाच्या दोन फळ्या मध्यरेषेवर जोडल्या. हे लाकूड इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो, त्यामुळे क्लॅम्पखाली पट्ट्या ठेवाव्याच लागल्या. एमडीएफचा टेम्पलेट करून जिगसॉने बाहेरून दोन-तीन मिमी राखून कापलं आणि उरलेलं बेअरिंगच्या बिटने घेतलं. जिथे लाकडाचे रेषे टोकाला उघडे पडतात तिथे राऊटर ओढ घेतो. खालच्या शिंगाच्या टोकाशी असा एक कपचा उडाला. तो सापडला, परत चिकटवला आणि वळण एक मिमीने आत घेतलं. नंतर त्या टोकांवर राऊटर न चालवता ड्रम सँडरने काम केलं. पहिल्यापासूनच तसं केलेलं बरं.

खरा विचार करावा लागला तो स्क्रूंचा. उरलेल्या तुकड्यात एक स्क्रू हाताने आवळून बघितला, दोन वळशांत आटे सुटले. ब्रिजवर चार तारांची पूर्ण ओढ येते आणि पट्ट्याच्या बटणावर अख्खं वाद्य लोंबतं. भोकात पातळ सुपरग्लू मुरवून आटे कडक करणं हा एक मार्ग होता. पिकअपच्या बारीक स्क्रूंना तो पुरला. ब्रिजखाली मात्र १२ मिमी जाडीचा मॅपलचा ठोकळा बॉडीत बसवला आणि स्क्रू त्यात घेतले. शिंगाच्या टोकाचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे स्क्रू रेषांच्या दिशेनेच आत जातो, ही सगळ्यात कमकुवत पकड, आणि शिंग लांबवल्यामुळे तिथला विश्वास महत्त्वाचा झाला होता. मागच्या बाजूने मॅपलची खुंटी आडवी ठोकली, अशी की बटणाचा स्क्रू तिच्या पोटातून आरपार जाईल. नेकच्या बाबतीत काळजी कमी होती. तिथे आटे बॉडीत नसतात, स्क्रू बॉडीतून सैल जाऊन मॅपलच्या नेकमध्ये धरतात. बॉडीवर फक्त दाब येतो. म्हणून चार सुट्या वायसरांऐवजी अखंड धातूची प्लेट घेतली, मऊ लाकडात वायसर रुतले असते.

नेकची खाच १५.९ मिमी खोल घेतली. नेकचं बूड २५.४ मिमी असल्यामुळे फ्रेटबोर्ड बॉडीच्या साडेनऊ मिमी वर राहतो आणि नेहमीच्या ब्रिजची उंची जुळते. ब्रिजची जागा त्यांनी आराखड्यावरून आखून ठेवली होती, ती मी पुसायला लावली. नेक बसवल्यावर प्रत्यक्ष माप घ्यायचं: नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं, तेवढंच बाराव्या फ्रेटपासून जी तारेच्या (सगळ्यात बारीक तारेच्या) सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवरच्या तार टेकायच्या सरकत्या तुकड्यापर्यंत, सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना. जाड तारांची सॅडल मागे न्यावी लागतात, ई तारेचं तर चार-पाच मिमी. मागे जायला जागा हवी. नेकच्या दोन्ही कडांवरून दोरे ताणून ब्रिजची मध्यरेषा ठरवली आणि मगच भोकं पाडली. आराखड्यावरची खूण दोन मिमीने चुकत होती.

इलेक्ट्रॉनिक्सवर फार काही सांगण्यासारखं नाही. प्रिसिजनसारखा दोन तुकड्यांचा एकच पिकअप, त्याची गुणगुण आपोआप कटते. एक व्हॉल्यूम, एक टोन, २५० किलोओहमचे पॉट, ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. खोबणीत तांब्याची पट्टी आणि ब्रिजला अर्थची वायर.

फिनिशच्या बाबतीत नुसतं तेल या लाकडाला पोचे येण्यापासून वाचवत नाही, म्हणून आधी पातळ इपॉक्सीचा एक थर आणि वर फडक्याने लावायचं पॉलीयुरेथेन. धूळ उडत असताना नाकाला मास्क होताच. लाकडाची धूळ ही कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, याचा हौशी लोकांना हमखास विसर पडतो.

निकाल

तारा चढवल्यावर वजन ३.३ किलोच्या आसपास भरलं. मॅपलचा ठोकळा, खुंटी आणि लांबलेलं शिंग यांनी दीडशे ग्रॅम खाल्ले, तरी मर्यादा पाळली गेली. समतोल बिंदू हिशेबाच्या अगदी जवळ आला. हात सोडले तरी नेक आडव्याच्या किंचित वर थांबते. नेकचा बाक सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.३ मिमी, बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची सव्वादोन मिमी. पूर्ण तालीम उभ्याने करता येते. खांद्याचं दुखणं गेलं असं नाही, पण तालमीच्या मध्ये बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी धरून चालली नव्हती. जी तारेवर सातव्या फ्रेटचा डी सूर लवकर विझत होता. बाजूचे सूर गुंजत राहायचे आणि हा मध्येच बसायचा. बोल्ट लावलेल्या नेकच्या बेसमध्ये पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा मेलेला सूर सापडणं नवीन नाही. नेक स्वतःही एका ठरावीक कंपनसंख्येला हलते, आणि तारेचा सूर तिच्याशी जुळला की तारेची ऊर्जा लाकडात जाते. फ्रेट घासून किंवा सेटअप करून हे सुटत नाही.

हेडस्टॉकला एक छोटा सी-क्लॅम्प लावून बघितलं. मेलेला सूर लगेच खालच्या फ्रेटांकडे सरकला. कारण सरळ आहे: टोकाला वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते. म्हणजे हलक्या ट्यूनरनी समतोल सुधारताना हा सूर वर ढकलला असणार. जुन्या ट्यूनरवर तो बहुधा सहाव्या फ्रेटच्या सी शार्पवर पडला असता, जो त्यांच्या बँडमध्ये क्वचित लागतो. डी मात्र दर दुसऱ्या गाण्यात लागतो.

त्यांनी हेडस्टॉकच्या मागे ४० ग्रॅमची पितळी पट्टी दोन स्क्रूंनी लावली. मेलेली जागा सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मध्ये येऊन बसली. दोन्ही सूर थोडे आखूड झाले, पण पूर्ण विझणारा एकही राहिला नाही. या पट्टीने समतोल बिंदू आठ मिमी पुढे आला. शिंग आठ सेंटिमीटरवर थांबवलं असतं, तर ही पट्टी लावल्यावर नेक पुन्हा उतरायला लागली असती. शिंगावर राखलेल्या दोन सेंटिमीटरपैकी जवळजवळ एक इथे खर्ची पडला.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीचा क्रम बदलायला हवा होता. नेक आधी आल्यामुळे ३२ इंची स्केल आणि बिनडोक्याची रचना हे दोन्ही पर्याय न तपासताच बाद झाले. वजन आणि अंतरांचा तक्ता मांडायला एक संध्याकाळ पुरते. तो नेकची ऑर्डर देण्याआधी झाला असता, तर कदाचित निर्णय तेच राहिले असते, पण निवडून घेतलेले असते. नेकचं वजन विक्रेत्याकडून आधी विचारून घेता येतं. ट्यूनर तर स्वयंपाकघरातल्या काट्यावरही मोजता येतात.

प्लायच्या नमुन्यावर मी कुठलीच तडजोड सुचवणार नाही. पॉलोनियाच्या जोडलेल्या फळीवर हा शोध लागला असता तर शिंग लांबवायला लाकूडच उरलं नसतं.

लाकडाबद्दल मात्र माझं आणि त्यांचं अजून जुळत नाही. अल्डरची बॉडी घेऊन तिला आतून पोकळ करण्याचा पर्याय आम्ही बोललो, पण नीट मोजला नाही. नंतर मी तो मोजला. पोकळी कुठे करायची याला महत्त्व आहे. ब्रिजच्या मागचं लाकूड काढलं तर समतोल बिघडतो, नेकच्या खाचेच्या दोन्ही बाजूंचं, म्हणजे समतोल बिंदूच्या जवळचं काढलं तर तो फारसा हलत नाही. २.१ किलोच्या अल्डर बॉडीतून अशा जागी साडेतीनशे ग्रॅम काढले आणि हलके ट्यूनर ठेवले, तर एकूण वजन ३.६ किलोच्या आसपास येतं, मर्यादेच्या थोडं वर. पण समतोल बिंदू ५८५ मिमीवर जातो. मग पट्ट्याचं बटण मूळच्या ४९० मिमीवर ठेवलं तरी साडेनऊ सेंटिमीटर मिळतात, आणि त्यांना हवं असलेलं आखूड शिंग राहतं. ब्रिजखालचा ठोकळा नको, खुंटी नको, पोच्यांची भीती कमी.

हा हिशेब मी त्यांना दाखवला. तीनशे ग्रॅम खांद्यावर घेण्यापेक्षा पाच सेंटिमीटर शिंग पुढे गेलेलं चालेल, असं त्यांचं उत्तर आहे. मी असतो तर अल्डर घेतला असता, पण खांदा माझा नाही.